आगाऊ फाडलेलं कापड

खिळा पुन्हा वाकला. कादिरालीने तो पकडीने उपटला, पायरीच्या दगडावर ठेवून ठोकून ठोकून सरळ केला, फळीवर उभा धरला आणि हातोडी उचलली, एवढ्यात घरातून कापड फाटल्याचा आवाज आला. लांबलचक, सरळ, एका दमात. चर्रर्र.

हातोडी तशीच हवेत राहिली.

वास्तविक हे बुटांचं कपाट दहा मिनिटांत व्हायचं होतं. बिश्केकला शिकणाऱ्या नातीने फोनवर फिल्म पाठवली होती. तिच्यात एक टवटवीत माणूस सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या घेतो, हसतो, चार खिळे मारतो, पुन्हा हसतो, आणि कपाट तयार. कादिरालीने पेट्या मिळवल्या होत्या, हसूनही पाहिलं होतं. दोन दिवस गेले तरी कपाट उभं राहत नव्हतं. गुरांचा सरकारी डॉक्टर म्हणून त्याने जन्मभर घोड्यांच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवी शिंगरं सरळ केली होती. लाकूड मात्र त्याचं ऐकायला तयार नव्हतं.

पण हा आवाज वेगळा. त्या घरात फाडण्याजोगं कापड एकाच पेटीत होतं. पेटी आईच्या उशाशी असे, आणि तिच्यातलं कापड एकाच दिवशी फाडायचं ठरलेलं होतं. त्या दिवशी तो आवाज ऐकायला आई नसणार, हेही ठरलेलंच होतं. पिकल्या वयाचं माणूस गेलं की त्याच्या घरून बायकांना कापडाची एकेक पट्टी वाटतात, तिला झिर्तिश म्हणतात. बायका ती पट्टी जपून नेतात, लेकराच्या गोधडीत शिवतात, आणि गेलेल्याचं वय लेकराला लागतं. कादिरालीच्या आईने, उमसुनाय अपांनी, आपलं कापड स्वतः निवडून, स्वतः घडी घालून ठेवलं होतं. लाल फुलांचं साटीन, निळं साटीन आणि एक पांढरा तागा. नव्वदी उलटल्यापासून दर वसंतात ते उन्हाला पडायचं आणि पुन्हा पेटीत जायचं.

म्हणजे आई गेली, असं कादिरालीच्या मनात आलं. आई गेली, आणि मला न सांगताच बुर्माकानने वाटप सुरू केलं! बायकोचा त्याला इतका राग आला की रडू यायचं राहूनच गेलं. मग त्याने पाहिलं, तर बुर्माकान अंगणाच्या पलीकडे गोठ्याच्या दारात उभी राहून गाईला शिव्या घालत होती.

मग आत फाडतंय कोण?

तो हातोडीसकट आत धावला. उमसुनाय अपा जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. पेटी उघडी होती. मांडीवर लाल साटीनचा ढीग, एका हातात कात्री. कात्रीने काठाला नखाएवढी चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी ओढायचं. कापड कसं सुतात सरळ फाटत होतं. समोर शेजारची मेरिम मान खाली घालून बसली होती. तिच्या पुढ्यात दुधाचं रिकामं भांडं होतं.

"अपा, काय करतेयस हे?"

"दिसत नाही? फाडतेय."

"अगं पण हे कापड..."

"माझंच आहे. तुझ्या बापाचं नव्हे."

"मी मागितलं नाही हो, दादा," मेरिम घाईघाईने म्हणाली. "मी फक्त भांडं परत द्यायला आले होते."

"तिने मागितलं नाही," अपा म्हणाल्या. "तिने पेटीकडे पाहिलं. मी आंधळी आहे का?"

कादिरालीला थोडंसं कळलं. मेरिमचं पहिलं मूल मागच्या हिवाळ्यात दवाखान्यातून घरी आलंच नव्हतं. हे दुसरं मूल दिवस भरायच्या आत जन्मलं, काही आठवडे काचेच्या पेटीत राहिलं आणि परवा घरी आलं. एवढंसं, मांजराच्या पिलासारखं. नवरा मॉस्कोत बांधकामावर. त्याला पाळण्यात घालायचं तर गोधडी हवी, आणि गोधडीत दीर्घायुषी माणसाची पट्टी हवी. अडचण अशी की गावात म्हाताऱ्यांची टंचाई होती. गेल्या दोन हिवाळ्यांत जे गेले ते कोणी ट्रकखाली गेले, कोणी दारूने गेले. त्यांच्या घरचं कापड लेकराच्या अंगावर कोण घालणार? खरं वय म्हणावं असं एकट्या उमसुनाय अपांकडे होतं, आणि त्या तर रोज सकाळी स्वतः उठून चूल पेटवत होत्या.

"पण अपा, हे गेल्यावर वाटायचं असतं."

"गेल्यावर मला वाटता येईल का? तेव्हा तुझी बायको वाटणार. तिचा हात आखडता आहे, मला ठाऊक आहे."

"ऐकू येतंय मला," बुर्माकान दारातून म्हणाली. तिच्या हातात दुधाची बादली होती. मग तिची नजर पेटीकडे गेली, मग नवऱ्याच्या हातातल्या हातोडीकडे. तिने बादली हळूच खाली ठेवली. "अहो, काय झालंय काय?"

काय झालंय हे कादिरालीलाही ठाऊक नव्हतं.

त्याला आठवत होते ते वडील. ते असेच एका सकाळी उठले, खोगीर पुतण्याला देऊन टाकलं, खुंटीवरचा चाबूक काढून जावयाच्या हातात ठेवला. घरातल्यांनी त्यांच्या मोकळ्या हाताचं कौतुक केलं. बर्फ वितळायच्या आत वडील गेले. तेव्हापासून या घरात कोणी काही देऊन टाकायला लागलं की कादिराली दिवस मोजायला लागे. एकदा बुर्माकानने जुनी किटली भंगारवाल्याला दिली, तर त्याने आठवडाभर तिच्यावर नजर ठेवली होती.

अपांनी लाल पट्टी मेरिमच्या हातात दिली. मेरिमने ती छातीशी धरली आणि डोळे पुसत निघून गेली. भांडं तिथेच राहिलं.

कादिराली आईशेजारी बसला आणि सहज धरावा तसा त्याने तिचा हात धरला. नाडी चालू होती. घोडा असता तर दातांवरून वय आणि कानांवरून ताप त्याने चटकन सांगितला असता. आईला दात नव्हते, आणि कान पांढऱ्या रुमालाखाली होते.

"हात सोड, मला फाडायचंय," अपा म्हणाल्या. "काय रे शिंगरा, मी काय गाभण आहे?"

एवढ्यात रस्त्याकडून आरोळी आली.

"अपा गं! माझी डोंगरासारखी अपा गं!"

बाहेर जोल्दोश होता. पूर्वी गावची बस चालवायचा, आता नुसता रस्त्यावर लक्ष ठेवायचा. दोन्ही हात कमरेवर, पुढे वाकून, डोळ्यांतून धारा, असा तो रीतीप्रमाणे रडत फाटकातून आत आला आणि त्याने कादिरालीला मिठी मारली. आता, समोरचा रडत आला की घरच्या पुरुषाने दारात उभं राहून त्याच्याबरोबर रडायचं असतं, हे कादिरालीच्या अंगवळणी पडलेलं. त्याच्याही तोंडून हुंदका बाहेर पडला, पाठोपाठ दुसरा. आपण नेमके कशासाठी रडतोय हे त्याला आठवेना, पण जोल्दोश एवढं मनापासून रडत असताना मध्येच विचारणं बरं दिसलं नसतं.

"जोल्दोश," आतून अपांचा आवाज आला, "बूट काढून ये. चहा टाकलाय."

जोल्दोशने मिठी सैल केली. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"अपा? तुम्ही?"

"नाही, माझी धाकटी बहीण."

"मग हा का रडतोय?"

"तू रडत होतास म्हणून," कादिराली डोळे पुसत म्हणाला.

"मी तर पट्टी पाहून रडलो! मेरिम हातात पट्टी घेऊन रस्त्याने गेली, डोळे पुसत. लाल फुलांची. अहो, ते कापड सगळ्या गावाने वाळत घातलेलं पाहिलंय. तिला थांबवून विचारायचं कसं, कोण गेलं म्हणून?"

"मग घरी यायचंस, बघायचंस."

"आधी फोन केले," जोल्दोश ओशाळून म्हणाला. "लांबच्यांना आधी केले, त्यांना यायला वेळ लागतो ना. माझा मेव्हणा आत-बाशीहून मेंढा घेऊन निघालासुद्धा."

दुपारपर्यंत अंगण भरलं. बायका फाटकापासून विलापाची गाणी म्हणत येत आणि पायरीपाशी उमसुनाय अपांना पाहून त्यांचा सूर मध्येच तुटे. विलाप अर्ध्यावर थांबवणं सोपं नसतं. घशात अडकतो. एका बाईने तर अपांना पाहूनही कडवं पुरं केलं. इतक्या लांबून चालत आले आहे, म्हणाली, वाया कशाला घालवू? अपांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि एका ओळीत आपला गाव चुकला आहे एवढंच सांगितलं.

पुरुषांनी मेंढा बांधला आणि तो आता कापायचा की परत न्यायचा यावर ते वाद घालू लागले. मेंढा दोन्ही बाजू शांतपणे ऐकत होता. कादिराली आतबाहेर करत राहिला. कोणी सांत्वनाला हात पुढे केला की तो घेई, कोणी अभिनंदनाला पुढे केला की तोही घेई. प्रत्येक फेरीत तो आईच्या दारात क्षणभर थांबे, तिची छाती वरखाली होते आहे ना ते बघे, आणि पुढे जाई.

"हे काय केलंय?" पायरीवरच्या फळ्यांकडे पाहत कोणी तरी विचारलं. "कोंबड्यांचं खुराडं?"

"बुटांचं कपाट."

"मग कोंबड्या कुठे ठेवणार?"

आलेल्या बायका आता हलेनात. घरात पट्टी फाटली आहे, आणि पट्टी न घेता परत जायचं, असं कोणाच्या आयुष्यात झालं नव्हतं. पण जिवंत माणसाची पट्टी घ्यावी का? मेरिमची सासू शैरकुल दाराशी उभी होती. तिची बोटं एकमेकांत अडकली होती.

"रागावू नका अपा," ती म्हणाली. "पण वय तर तुमचं अजून पुरं व्हायचंय. जे संपलंच नाही ते लेकराला लागायचं कसं? हिशेब लागत नाही माझ्या डोक्यात."

"संपलेलं घेऊन काय करतेस?" अपा म्हणाल्या. "शिल्लक आहे ते घे की."

खोलीत कुजबूज झाली. बाजू पटण्यासारखी होती, म्हणूनच कोणाला पटेना. शेवटी मोल्दो एसेनकुल खोकत आत आले. ते गावचे मुल्ला, गावातली मयतं आणि लग्नं तेच उरकत. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले.

"पुस्तकात याबद्दल काही नाही," ते म्हणाले.

"जिवंताच्या पट्टीबद्दल?"

"मेलेल्याच्याही. पुस्तकात पट्टीच नाही. प्रत्येक मयताला मी हेच सांगत आलोय."

"मग चालते की नाही?"

मोल्दोंनी खोलीभर नजर फिरवली. शैरकुलची बोटं पाहिली. मग ते अपांच्या कानाशी वाकले, पण त्यांना स्वतःलाच कमी ऐकू येत असल्याने ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"निघताना एक द्या. घरी विचारतील."

त्यानंतर वाद राहिला नाही. चर्रर्र, चर्रर्र असा आवाज खोलीत सुरू झाला. बुर्माकान चीर देत होती, अपा फाडत होत्या. हात काही आखडता नव्हता. पाहुण्यांनी आपापल्या पट्ट्या घडी करून झग्यात खोचल्या, आणि मग त्यातलीच एक बाई म्हणाली की मेरिमची गोधडी आत्ताच करून टाकू. एका दुपारचं काम. रडायला म्हणून घरची कामं उरकूनच आलोय, आता हात रिकामे का ठेवायचे?

बसल्या सगळ्या वर्तुळात. कोणी जुन्या सदऱ्याची बाही दिली, कोणी रुमाल, कोणी अंगावरच्या झग्याचा आतला काठ तिथल्या तिथे उसवला. चौकोन कापायचे, प्रत्येक चौकोन तिरपा कापून त्याचे दोन त्रिकोण करायचे, लाल त्रिकोणाला पांढरा जोडायचा, शिवण नखाने दाबून बसवायची. इस्त्री लागत नाही. त्रिकोण म्हणजे ताईत. लेकराच्या चारी बाजूंनी ताईत झाले पाहिजेत. एका तरुण सुनेने शिवणयंत्र आणू का विचारलं, तर अपांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"टोकाला टोक लाव," त्या दुसरीला म्हणाल्या. "हे काय, उंटाचं तोंड का असं?"

"अपा, धागा संपला."

"संपला तर मोठा घ्यायचा होता. आळशी बाईचा धागा लांब असतो म्हणतात, तू तेवढीही आळशी नाहीस."

बायका हसल्या. सकाळी ज्यांचे डोळे सुजले होते त्याही हसल्या. मेरिम बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. गोधडी वितीवितीने वाढत तिच्या दिशेने सरकत होती. कादिराली दारात उभा होता. एवढं हसू आपल्या घरात कधी झालं होतं हे त्याला आठवेना. आणि आठवेना म्हणून तो आणखी घाबरला.

उन्हं कलली तशी माणसं पांगली. मेंढा शेवटी कापलाच. जिवंत अपांच्या नावानेही मटण तेवढंच शिजतं असं जोल्दोशच्या मेव्हण्याचं म्हणणं पडलं. बुर्माकान भांडी विसळायला गेली. अपा जमिनीवर हात फिरवून हरवलेली सुई शोधत होत्या. कादिराली त्यांच्यासमोर बसला आणि तोही सुई शोधू लागला.

"अपा, खरं सांग."

"काय?"

"तुला काही कळलंय का? म्हणजे, वडिलांना कळलं होतं तसं."

अपांचा हात थांबला नाही. "तुझ्या बापाला खोगीर जड व्हायला लागलं होतं. बाकी त्याला काय कळत होतं?"

"आणि तुला?"

"मला काय? ती पोरगी पेटीकडे बघत होती. उपाशी माणूस चुलीकडे बघतं तसं. मला जेवण गेलं नसतं."

"बस? एवढंच?"

"एवढंच. तू काय धरून बसला होतास दिवसभर? चेहरा बघ, मेंढ्यासारखा झालाय. कापलेल्या." सुई त्यांना सापडली. त्यांनी ती रुमालाच्या काठात टोचली. "पण आता पेटी रिकामी झाली. रविवारी बाजारात जाशील ना, तेव्हा साटीन घेऊन ये. लाल फुलांचं मिळालं तर तेच आण. रिकामी पेटी ठेवून मी काही जायची नाही. लोक म्हणतील, एवढी जगली आणि वाटायला चिंधी नाही."

कादिरालीने मान हलवली. आई कापडाची घाई करते आहे, याचा अर्थ काय, हे ठरवता ठरवता त्याचा तो आठवडा गेला. शनिवारी त्याला वाटलं की अर्थ वाईट आहे. रविवारी सकाळी बुर्माकानने बजावलं, "अहो, कापड आठवणीने आणा," तेव्हा तो अंगरखा घालत होता. त्याचा एक हात बाहीत होता आणि दुसरा बराच वेळ बाहेरच राहिला.

आत-बाशीच्या बाजारात तो सवयीने आधी घोड्यांच्या बाजूला गेला. उगाच चार तोंडं उघडून दात पाहिले, एका खुरावर मत दिलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. मग फिरत फिरत कापडाच्या रांगेत आला. गुलसूनच्या दुकानात वरच्या फळीवर तो तागा होता. लाल फुलं, तशीच, पाकळी न् पाकळी तीच.

"कोणी गेलं का, दादा?" गुलसूनने विचारलं. पुरुषमाणूस साटीनच्या दुकानाशी थांबला की विचारतातच.

"नाही. कोणी गेलं नाही."

"मग जाणार आहे का?"

तिने तागा खाली घेतला आणि फळीवर उलगडला. कादिरालीने काठ चिमटीत धरला. कापड गार होतं आणि हलकं. त्याने ते बराच वेळ चोळून पाहिलं.

"किती फाडू?" गुलसूनने कात्री घेतली.

"थांब," तो म्हणाला. "फुलं मोठी आहेत."

"लहान फुलांचं आहे की."

"लहान नकोत."

"मधल्या फुलांचं?"

"मधली म्हणजे..." तो म्हणाला आणि घोड्यांच्या बाजूला कोणी तरी हाक मारली असं दाखवून तिकडे पाहू लागला. गुलसूनने कात्री खाली ठेवली. पुरुष गिऱ्हाईकांचा तिला अनुभव होता.

घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत बिजागऱ्या, साखर आणि एक खरबूज होतं. भिंतीपलीकडे मेरिमचं पोर रडत होतं. एवढ्याशा जिवाच्या मानाने आवाज चांगलाच होता. अपा खिडकीशी बसल्या होत्या, बुर्माकान चहा गाळत होती.

"मिळालं?" अपांनी विचारलं.

"नाही. म्हणजे होतं, पण फुलं बरोबर नव्हती."

"इकडे ये."

तो जवळ गेला. अपांनी त्याच्या बाहीवरून काही तरी चिमटीत उचललं आणि उजेडात धरलं. लाल धागा होता, लांब, चकचकीत, ताज्या ताग्याचा. बुर्माकानने ते पाहिलं. ती बोलणार होती, पण अपांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा चहा गाळू लागली.

अपांनी धागा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"हल्ली चांगलं साटीन येतच नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी बघ."

"बघतो."

"आणि त्या गुलसूनकडे जात जाऊ नकोस. ती गळ्यात मारते."

कादिराली तिच्यासमोर बसला. त्याने सुरी घेतली, खरबूज मांडीवर धरलं आणि आईला चावता येईल अशा बारीक फोडी करू लागला.